ख्रिसमस गावची पाणथळ

अमेरिकेहून परत आलेल्या माणसास आपल्याकडे पहिला प्रश्न विचारण्यात येतो तो 'काय काय पाहिले?' हा. आम्ही ऑर्लँडो शहरी चिरंजिवांकडे दोन महिने राहून आलो असे कळल्यावर तर विचारणारी मंडळी उत्तरही स्वतःच देऊन मोकळी होतात. कारण ऑर्लँडो म्हणजे डिस्नेची मायानगरी हे आता आपल्याकडील शाळकरी पोरासही ठाऊक झाले आहे. अशा वेळी 'नातवंडे ती नगरी पाहावयास गेली, आम्ही उभयता त्या दिवशी शहराचे सांडपाणी पाहावयास गेलो होतो' असे सांगितले, की समोरच्या गृहस्थांची मुद्रा पाहण्यासारखी होते. काहींना ती थट्टा वाटते. एका विहीणबाईंनी तर, चिरंजिवांची नोकरी बरी चालली आहे ना, अशी हळूच चौकशी केली.

थट्टा मात्र ती मुळीच नव्हती. आम्ही तेथे गेलो ते आमच्या वडील बंधूंच्या आज्ञेवरून, आणि त्या आज्ञेमागे आमच्या घरच्या विहिरीची कथा आहे. ती थोडक्यात सांगितल्यावाचून पुढील प्रवासाचे मर्म ध्यानी यावयाचे नाही.

आमचे मूळ घर सातारा जिल्ह्यात, कृष्णेपासून कोसभर आत. घरात अण्णा (आमचे वडील बंधू), वहिनी, दोन पुतणे, त्यांची मुलेबाळे मिळून नऊ माणसे नेहमीची. सणावारी आकडा वीसवर जातो. २०२३ सालच्या दिवाळीनंतर अण्णांची नात बाळंतपणास माहेरी आली व घरात मुलगी जन्मास आली. आईचे दूध पुरेना म्हणून वरचे दूध सुरू झाले, आणि ते भुकटीचे असल्याने त्यात आमच्या विहिरीचे पाणी घालण्यात येऊ लागले. वहिनी ते पाणी चांगले वीस मिनिटे खळखळा उकळीत. धाकटा पुतण्या डॉक्टर आहे. तो पुण्याहून आला असता त्यास काय वाटले कोण जाणे, त्याने विहिरीच्या पाण्याची बाटली भरून तपासणीस नेली. आठ दिवसांनी त्याचा दूरध्वनी आला, तो 'बाळास विहिरीचे पाणी अजिबात देऊ नका' असा. पाण्यात लिटरमागे ९२ मिलिग्रॅम नायट्रेट निघाले होते. आपल्याकडील मर्यादा ४५ ची.

नायट्रेट हा नत्राचा क्षार. मोठ्या माणसास त्याचे सहसा काही कळत नाही. परंतु सहा महिन्यांच्या आतील बालकाच्या पोटात त्यापासून नायट्राइट होते, ते रक्तात जाऊन रक्तातील तांबड्या द्रव्याची प्राणवायू वाहून नेण्याची शक्ती हिरावून घेते आणि मूल निळे पडू लागते. १९४५ साली अमेरिकेतील आयोवा प्रांताच्या एका डॉक्टराने खेड्यांतील विहिरींच्या पाण्यावर वाढणाऱ्या बालकांत हा विकार प्रथम दाखवून दिला. आणि सर्वांत चमत्कारिक गोष्ट अशी, की उकळल्याने नायट्रेट जात नाही. पाण्याची वाफ होते, क्षार मागे राहतो. म्हणजे वहिनी जो जो अधिक काळजी घेत, तो तो पाण्यात त्याचे प्रमाण वाढत असे. ही गोष्ट पुतण्याने सांगितली तेव्हा वहिनी काही बोलल्या नाहीत. त्या उठून माजघरात गेल्या व बराच वेळ बाहेर आल्या नाहीत. बाळीस सुदैवाने काही झाले नव्हते. त्याच दिवसापासून तिच्यासाठी बाहेरून पाणी येऊ लागले.

नायट्रेट आले कोठून? भोवती उसाचे मळे आहेत, त्यांत युरियाची पोती रिकामी होतात. काही भाग त्याचा असणारच. परंतु दुसरा भाग आमचा होता, आणि येथे लेखकास स्वतःचा अपराध कबूल करणे प्राप्त आहे. आमच्या आजीच्या वेळी मोरीचे पाणी परसात मोकळे सोडलेले असे. त्यावर अळूचा ताटवा, केळीची चार बेटे आणि कर्दळीची दाट रांग वाढत असे. १९९४ साली आम्ही नोकरीतून रजा काढून गावी गेलो, आणि 'ही घाण किती दिवस उघड्यावर वाहू द्यायची?' असे म्हणून, अळू-कर्दळ उपटून, घरातील शौचकूप व मोरी दोहोंचे पाणी एका खोल शोषखड्ड्यात नेऊन सोडले. खड्डा विहिरीच्या वरच्या अंगास, सुमारे पस्तीस फुटांवर. वर फरशी घालून त्यावर आम्ही अण्णांसाठी देवपूजेच्या फुलांची बाग करून दिली. घाण दिसेनाशी झाली, आणि आपण मोठी सुधारणा केली या समाधानात आम्ही तीस वर्षे काढली.

पुतण्याने सुचविले, की खड्डा बुजवून टाकू आणि परसात खडी भरलेले पाणवनस्पतींचे वाफे करू. हल्ली अशा कृत्रिम पाणथळींनी सांडपाण्यातील नत्र काढून टाकता येते, आपल्या नागपूरच्या 'नीरी' संस्थेनेही 'फायटोरिड' नावाची तशी पद्धत बसविली आहे. जागा मात्र अण्णांच्या फुलबागेचीच लागणार होती. अण्णा चौऱ्याऐंशी वर्षांचे. रोज पहाटे स्वतः फुले काढणारे. त्यांनी साफ नकार दिला. "जास्वंदीच्या मुळाशी मैलापाणी? आणि ती फुले देवास?" एवढेच ते म्हणाले. आमच्या प्रयाणाच्या आदल्या रात्री मात्र त्यांनी आम्हांस बोलावून सांगितले, "तू अमेरिकेस जातोच आहेस. तिथे म्हणे मोठमोठी शहरे हे करतात. तर डोळ्यांनी पाहा, नाकाने हुंगून पाहा, आणि येऊन मला खरे सांग. पुस्तकातले सांगू नकोस."

येणेप्रमाणे आम्ही ख्रिसमस गावी गेलो.

हे गाव ऑर्लँडोच्या पूर्वेस सुमारे पंचवीस मैलांवर आहे. १८३७ साली सेमिनोल इंडियनांशी चाललेल्या युद्धात अमेरिकन सैन्याने येथे एक लाकडी गढी बांधावयास घेतली, तो दिवस नाताळचा होता. म्हणून गढीचे व पुढे गावाचे नाव ख्रिसमस पडले. डिसेंबर महिन्यात लांबलांबचे लोक केवळ या गावाचा शिक्का उमटावा म्हणून आपली नाताळची पत्रे येथील टपाल कचेरीत आणून टाकतात. बाकी गावात पाहण्यासारखे फारसे नाही. सपाट माळ, गुरांची कुरणे, वर शेवाळाच्या जटा लोंबणारे ओक वृक्ष, आणि वाटेत एका दुकानासमोर प्रचंड मगरीच्या आकाराची इमारत. तीस पाहून आमच्या कुटुंबाने, "आपण पाहावयास चाललो आहोत तेथे हे प्राणी नाहीत ना?" असे चिरंजिवांस विचारले. चिरंजीव म्हणाले, "आहेत. पण आई, तुम्ही बांधावरून खाली उतरू नका म्हणजे झाले."

पाणथळीच्या दारी पोहोचलो तेव्हा सकाळचे आठ वाजले होते. फेब्रुवारीचा महिना, आपल्याकडील मार्गशीर्षासारखा गारवा. प्रवेशास शुल्क नाही. समोर पाहतो तो दृष्टी पोहोचेपर्यंत पाणी आणि पाणवनस्पती, आणि त्यांतून सरळ रेघा मारल्यासारखे मातीचे बांध गेलेले. आम्हांस पहिली आठवण झाली ती कोकणातील भाताच्या खाचरांची. तसेच चौकोन, तसेच बांध, एका खाचरातून दुसऱ्यात पाणी उतरावयास तसेच सांडवे. फक्त येथील एकेका खाचरात आमचे अर्धे गाव मावले असते. अशी सतरा खाचरे आहेत. एकूण विस्तार सुमारे १,२०० एकर, आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत जमिनीचा उतार अवघा पंधराएक फुटांचा. म्हणून पाणी वाहते आहे हे डोळ्यांस दिसतच नाही. आत आलेला थेंब बाहेर पडावयास सुमारे महिना लावतो.

तेथे वाटाड्याचे काम करणारे एक वृद्ध स्वयंसेवक आम्हांस भेटले. सत्तरी उलटलेली, डोक्यावर गवताची टोपी, गळ्यात दुर्बीण. आम्ही पक्षी पाहावयास आलो असे समजून ते पक्ष्यांचीच नावे सांगू लागले. आम्ही जेव्हा 'नत्र पाहावयास आलो आहोत' असे म्हटले, तेव्हा ते क्षणभर थांबले व मोठ्याने हसून म्हणाले, "तो तर दिसत नाही. पण चला, कोठे नाहीसा होतो ते दाखवितो."

त्यांनी सांगितलेली हकीगत अशी. १९८० च्या सुमारास ऑर्लँडो झपाट्याने वाढत होते आणि शहराचे शुद्ध केलेले सांडपाणी जवळच्या लहान नदीत पडत होते. पाणी शुद्ध केले तरी त्यात नत्र व फॉस्फरस यांचा अंश राहतो. तो नदीतील शेवाळास खताप्रमाणे लागू पडतो, शेवाळ माजते, कुजते, पाण्यातील प्राणवायू संपतो आणि मासे मरतात. त्यामुळे त्या नदीत अधिक पाणी सोडावयास परवानगी मिळेना. तेव्हा शहराने ही कुरणाची जमीन घेतली. मुळात ती पाणथळच होती. पूर्वी कोणी चर खणून तिचे पाणी काढून गुरांसाठी ती कोरडी केली होती. शहराने बांध घातले, पाणकणीस, लव्हाळे आदीकरून वीस लाखांहून अधिक रोपे आणि सुमारे दोन लाख झाडे लावली, आणि १९८७ सालापासून सतरा मैल लांबीच्या नळाने आपले पाणी येथे आणून सोडावयास आरंभ केला. येथून ते पाणी शेवटी सेंट जॉन्स नदीस मिळते. (ही नदी दक्षिणेकडून उत्तरेकडे वाहते, म्हणून तेथील लोकांस तिचा मोठा अभिमान आहे. आपल्याकडे काशीस गंगा उत्तरवाहिनी होते त्याचे माहात्म्य आम्ही त्यांस सांगितले. ते त्यांस फार आवडले.)

पहिल्या चारशेएक एकरांत पाणी खोल आहे व त्यात पाणकणीस आणि उंच लव्हाळे यांची इतकी दाटी, की आत हात घातला तर कोपर दिसू नये. आम्ही अण्णांची आज्ञा स्मरून, वृद्ध गृहस्थांच्या संमतीने, लाकडी पुलावर गुडघे टेकले व खाली वाकून नाक पाण्याजवळ नेले. पाऊस पडून गेल्यावर तळ्याकाठी येतो तसा चिखलाचा, पानांचा वास. दुसरा कसलाही नाही. आमच्या कुटुंबानेही हुंगून पाहिले, आणि 'आपल्या शोषखड्ड्याच्या फटीतून याहून वाईट वास येतो' असा अभिप्राय दिला.

मग त्यांनी एक गोष्ट विचारली, जी आम्हांस सुचली नव्हती. लव्हाळ्यांच्या बुंध्याशी वाळलेल्या, काळपट, सडक्या पानांचे थरच्या थर साचले होते. "हे एवढे कोटी रुपये खर्चून केले, मग हा कचरा झाडून का काढीत नाहीत?" वृद्ध गृहस्थांस आम्ही प्रश्न भाषांतर करून सांगताच ते म्हणाले, "बाईंना सांगा, तो कचरा नव्हे, ते कोठार आहे. नत्र खाणारे मजूर त्या कोठारावर जगतात."

येथे थोडे शास्त्र सांगणे अवश्य आहे. कंटाळा न करता वाचावे अशी वाचकांस, विशेषतः भगिनींस, विनंती आहे, कारण आमच्या घरी ज्या गोष्टीने घात केला ती येथेच कळते. अशी समजूत असते, की पाणवनस्पती मुळांनी घाण शोषून घेतात म्हणून पाणी शुद्ध होते. हे पुरते खरे नाही. वनस्पती काही नत्र घेतात; परंतु त्या मेल्या व तेथेच कुजल्या की घेतलेला बराचसा नत्र पाण्यास परत करतात. खरे काम करणारे निराळेच आहेत. माणसाच्या मलमूत्रातील नत्र प्रथम अमोनियाच्या रूपात पाण्यात येतो. एका जातीचे सूक्ष्मजंतू प्राणवायूच्या साह्याने त्याचे नायट्रेट करतात. दुसऱ्या जातीचे सूक्ष्मजंतू, जेथे प्राणवायू संपलेला आहे अशा ठिकाणी, त्या नायट्रेटातीलच प्राणवायू काढून घेऊन आपला श्वास चालवितात. मग उरतो तो निव्वळ नत्रवायू, आणि तो बुडबुड्यांवाटे हवेत निघून जातो. हवेत शंभरांत अठ्ठ्याहत्तर भाग तो असतोच. या दुसऱ्या मंडळींस श्वासाबरोबर खाद्यही लागते, कर्बयुक्त. ते सडक्या पानांतून मिळते. लव्हाळ्यांचे देठ व पाने ही त्या सर्वांची बिऱ्हाडे. म्हणजे वनस्पती या घरमालक व अन्नदात्या होत, मजूर नव्हेत.

पहिल्या जातीचा शोध कसा लागला ती कथा सुरस आहे. १८७७ साली फ्रान्समध्ये श्लोझिंग व म्युंट्झ या दोघा शास्त्रज्ञांनी काचेच्या उंच नळीत वाळू व चुनखडीची भुकटी भरली आणि तीतून गटाराचे पाणी हळूहळू झिरपू दिले. वीस दिवस काहीच घडले नाही. मग एकाएकी खाली येणाऱ्या पाण्यातला अमोनिया नाहीसा होऊन त्याच्या जागी नायट्रेट दिसू लागले. तेव्हा त्यांनी नळीत क्लोरोफॉर्मची वाफ सोडली, आणि क्रिया बंद पडली. निर्जीव रसायनास वीस दिवस तयारीस लागत नाहीत, की क्लोरोफॉर्मने भूल पडत नाही. म्हणजे हे काम कोणा सजीवाचे, असे त्यांनी ताडले. पुढे विनोग्राद्स्की या रशियन पंडिताने ते सजीव वेगळे काढून दाखविले. या ज्ञानाचा उपयोग पाणवनस्पती लावून करावा हे मात्र एका बाईंनी प्रथम हट्टाने धरले. जर्मनीतील प्लोन गावच्या संस्थेत कॅथे झायडेल या विदुषींनी १९५० नंतरच्या दशकात लव्हाळ्यांवर घाण पाण्याचे प्रयोग आरंभिले. नळ, पंप व यंत्रे यांवर भिस्त ठेवणाऱ्या तत्कालीन अभियंत्यांच्या गळी लव्हाळे उतरविणे सोपे नव्हते. आज जगात हजारो ठिकाणी तशा पाणथळी आहेत.

आता आमच्या घरचा घात. आमच्या शोषखड्ड्यातून झिरपणारे पाणी भोवतालच्या मुरमातून उतरे. मुरमात हवा असते. तेथे पहिल्या जातीच्या जंतूंनी आपले काम चोख बजावून अमोनियाचे नायट्रेट केले. परंतु त्या कोरड्या मुरमात ना सडकी पाने, ना निवाऱ्यास दलदल. दुसऱ्या जातीस तेथे थारा नव्हता. म्हणून अर्धे काम होऊन नायट्रेट जसेच्या तसे विहिरीत उतरले. आजीच्या अळू-कर्दळीच्या चिखलात ती दुसरी मंडळी नांदत असतील काय? असावीत असे आम्हांस वाटते. आजीची व्यवस्था निर्दोष होती असे मात्र आम्ही म्हणणार नाही. तीवर डास होत, कोंबड्या उकरीत, आणि तिच्या काळी त्या पाण्यात शौचकूप मिळालेला नव्हता.

डासांचे नाव निघाले म्हणून सांगतो, की तोही प्रश्न आमच्या कुटुंबाने विचारला. पाण्यात बोटभराहून लहान असे गंबुशिया मासे असंख्य आहेत. ते डासांच्या अळ्या खातात. हीच जात आपल्याकडे हिवतापाविरुद्ध विहिरींत सोडतात. तरी संध्याकाळी तेथे उभे राहू नये, असा सल्ला वृद्ध गृहस्थांनी प्रामाणिकपणे दिला.

पुढील चारशेएक एकरांत पाणी उथळ होत जाते व वनस्पतींचे प्रकार वाढतात. फ्लॉरिडाच्या पाणथळींत पिवळ्या फुलांची एक कर्दळ रानटी उगवते असे ऐकले तेव्हा, जणू दूरदेशी कोणी माहेरचे माणूस राहते असे कळावे, तसे आमच्या कुटुंबास झाले. पक्षी तर किती सांगावे! आपल्या तिरंदाजाचा भाऊबंद मान वाकडी करून पंख वाळवीत बसलेला. सारसाचा चुलतभाऊ शोभावा असा करडा क्रौंच जोडीने चाललेला. जांभळी पाणकोंबडी कमळाच्या पानांवरून पिवळे पाय टाकीत जाते. गुलाबी रंगाचे चमच्या पक्षी आम्ही प्रथमच पाहिले. पाण्यात चोच इकडून तिकडे फिरवीत ते चालतात तेव्हा कोणी केर काढीत असल्याचा भास होतो. आणि बांधाच्या उतरणीवर, आमच्यापासून दहा-बारा हातांवर, एक मगर ऊन खात पडली होती. चिरंजीव म्हणाले ते खरे होते. ती मुळीच हलली नाही. तरीपण परतीच्या वाटेत आम्ही बांधाच्या दुसऱ्या कडेने चाललो.

शेवटचे खाचर म्हणजे झाडांची दलदल व एक तळे. तेथे बाकावर बसून आम्ही घरून नेलेले दडपे पोहे खाल्ले व वृद्ध गृहस्थांसही दिले. त्या वेळी आम्ही त्यांस आकडे विचारले. ते म्हणाले, की येथे येणाऱ्या पाण्यात लिटरमागे नत्र दोन मिलिग्रॅमच्या आसपास असतो, आणि बाहेर जाताना एकाहूनही कमी.

हे ऐकून आम्ही खिशातील कागदावर त्रैराशिक मांडले. आमच्या विहिरीचा आकडा ९२. परंतु तो नायट्रेटचा. त्यातील नुसता नत्र मोजावयाचा तर साडेचारांनी भागावे लागते. (अमेरिकेतील मर्यादा दहाची व आपली पंचेचाळीसची, असे वाचून आपण ढिले आहोत असे कोणास वाटेल, तसे नाही. ते नत्र मोजतात, आपण नायट्रेट; मर्यादा एकच आहे.) भागाकार वीसावर आला. आम्ही तो दोनदा करून पाहिला. ऑर्लँडो शहराचे जे सांडपाणी आम्ही एवढ्या दूर हुंगावयास आलो होतो, ते या पाणथळीत येण्यापूर्वी जेवढा नत्र बाळगते, त्याच्या दसपट नत्र आमच्या पिण्याच्या विहिरीत होता. तेच पाणी वहिनी बाळासाठी उकळीत होत्या. कागद आम्ही कुटुंबाच्या हाती दिला. त्यांनी तो पाहिला, आणि पोह्यांचा डबा बंद केला.

पण या हिशेबाची दुसरी बाजूही होती, आणि तीच आम्हांस अधिक बोचू लागली. आम्ही पाहिले ते मैलापाणी नव्हेच. शहराने कारखान्यात मोठमोठ्या टाक्यांत ते आधीच शुद्ध केलेले होते. पाणथळ फक्त अखेरचा हात फिरवीत होती. ताज्या मैलापाण्यात चाळीसएक मिलिग्रॅम नत्र असतो व त्यातला बराच भाग अमोनिया. तसले पाणी या दलदलीत सोडले असते तर काय झाले असते? वृद्ध गृहस्थ म्हणाले, की घात झाला असता. एक भाग अमोनिया-नत्राचे नायट्रेट व्हावयास साडेचार भाग प्राणवायू लागतो. दाट लव्हाळ्यांच्या साचल्या पाण्यात एवढा प्राणवायू येणार कोठून? पहिल्या जंतूंचा श्वास कोंडला असता, अमोनिया तसाच राहता आणि मासे मरते. लव्हाळी लावली की झाले, असे समजून फसलेल्या पाणथळी पुष्कळ आहेत, हेही त्यांनी सांगितले. तेव्हा घरगुती पाण्यास दोन वाफे हवेत: पहिला वाफा असा, की त्यावर पाणी थांबून थांबून ओतावे व मधल्या वेळात खडीत हवा शिरावी, दुसरा नेहमी तुडुंब, वारा न लागणारा. आणि दोहोंच्या आधी गाळ बसावयास टाकी. फॉस्फरसची गोष्ट तर त्याहून कठीण. त्याचा वायू होत नाही, तो गाळातच साचतो. म्हणून येथे पंधराएक वर्षांनी काही खाचरे रिकामी करून तळचा गाळ खरवडून काढावा लागला होता.

उन्हाळ्याच्या आरंभी आम्ही गावी पोहोचलो. अण्णांनी हातपाय धुऊ दिले, चहा होऊ दिला, मग विचारले, "हुंगलेस?" आम्ही सर्व सांगितले, पाणी मुळात स्वच्छ होते हेही लपविले नाही. आम्हांस वाटले, आता अण्णा 'मग काय पाहिलेस?' म्हणून विषय मिटवतील. त्यांनी कागद मागितला. त्रैराशिक त्यांनी स्वतः करून पाहिले. ते जुन्या वेळचे गणिताचे मास्तर. बराच वेळ ते गप्प होते. मग म्हणाले, "म्हणजे तीस वर्षे मी त्या खड्ड्यावरचीच फुले देवास वाहिली." आम्हांस उत्तर सुचले नाही. फरशी घालणारे आम्हीच.

खड्डा मे महिन्यात बुजविला. वाफे पुतण्याने एका जाणकारास विचारून केले: तळाशी जाड प्लॅस्टिकचा कागद, वर धुतलेली खडी, दोन्ही वाफे मिळून सुमारे तीस चौरस मीटर, म्हणजे गुंठ्याच्या तिसऱ्या हिश्शाहूनही कमी. पहिल्यात बोरू, दुसऱ्यात कर्दळ. बाहेर येणारे पाणी नारळांस जाते. पहिले दोन महिने ते गढूळ येई व वहिनी रोज कुरकुर करीत. श्लोझिंगची वीस दिवसांची गोष्ट आम्ही त्यांस तीनदा सांगितली. मग ते निवळले. वर्षाने तपासले तेव्हा वाफ्यांत शिरणाऱ्या नत्रापैकी निम्म्याहून अधिक बाहेर पडण्यापूर्वी नाहीसा होत होता. विहिरीचा आकडा मात्र ९२ वरून ८१ वर आला आहे, एवढेच. जमिनीत तीस वर्षे मुरलेले एका पावसाळ्यात निघत नाही, आणि भोवतालच्या उसास युरिया पडतोच आहे. बाळी आता पळू लागली आहे. तिचे पाणी अजून बाहेरूनच येते.

जास्वंद, मोगरा व तगर अण्णांनी घरासमोरच्या अंगणात हलविली. परसातील कर्दळ यंदा श्रावणात अशी फुलली, की रस्त्याने जाणारे थांबून पाहत. एके पहाटे आम्ही पाहतो तो अण्णा फुलांची परडी घेऊन वाफ्याच्या कडेला उभे. "तांबडी आहेत बरी," ते म्हणाले. परडीत त्यांनी एकही फूल टाकले नाही. पण परत फिरण्यापूर्वी खाली वाकून त्यांनी एकदा हुंगून पाहिले.